मेलला लावलेल्या पट्ट्या

शिलाई मशीन ज्यांनी चालवलंय त्यांना माझं काम लगेच कळेल. मशीन एकच असतं. सुईच्या खाली कापड दाबून धरणारी लहानशी लोखंडी पट्टी असते, ती बदलायची. चेन लावायची पट्टी वेगळी, काठ मुडपायची वेगळी, चुण्या घालायची वेगळी. मशीन आपलं तेच, खालीवर सुई मारणारं. पट्टी बदलली की त्याला नवीन काम येतं.

आमच्या कंपू मोहल्ल्यात एका जाँच सेंटरमध्ये, म्हणजे रक्त तपासतात तिथं, मी कॉम्प्युटरवर बसायची. तिथंही असंच होतं. फक्त पट्ट्या डोळ्यांना दिसत नव्हत्या, म्हणून भीती जास्त.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकवाल्यांनी सांगितलं, काकू, तुमच्या नोकरीचं लिहा. माझं शिक्षण पाचवी. मी बोलले आणि शेजारच्या वर्षानं लिहून घेतलं. ती मधेच शब्द सुधारायला जाते. मी म्हणते, राहू दे ग, लोकांना कळू दे कोण बोलून राहिलंय.

आमचे हे पडाव मोहल्ल्यात ट्रकवर होते. ते गेले तेव्हा मुलं लहान होती. मी घरी पेटीकोट शिवायची, फॉल लावायची. मग डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जाईना. दोरा गेला नाही तर चूल कशी पेटणार. तेव्हा कंपूतल्या डॉक्टरसाहेबांनी ठेवून घेतलं. झाडू-पोछा, बाटल्या धुणं, पेशंटला पाणी देणं. तिथं रक्त काढायचे आणि मोठ्या जाँचा दिल्लीच्या लॅबला पाठवायचे. दिल्लीहून रिपोर्ट मेलवर यायचा. कॉम्प्युटरवर एक मुलगी होती, ती मेल उघडून कागद काढून द्यायची. तिचं लग्न ठरलं, ती इंदौरला गेली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "काकू, दुसरी भेटेपर्यंत तुम्ही बसा जरा खुर्चीवर." दुसरी काही भेटली नाही. मी बसूनच राहिले.

आता मला इंग्रजी येत नाही. अक्षरं ओळखता येतात, एकेक करून, गिट्टी वेचल्यासारखी. अख्खं वाक्य आलं की डोक्यात धूर. म्हणून आपटे आले.

आपट्यांचं इंदरगंजला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. केस पांढरे, तोंडात सुपारी, अर्धं मराठी अर्धं हिंदी. त्यांनी मला सांगितलं, "काकू, ये जो मेल का प्रोग्राम है ना, हा भोळा आहे. याला दोनच गोष्टी येतात. मेल आणायचा आणि मेल पाठवायचा. बाकी जे पाहिजे ते आपण याला बाहेरून लावायचं. त्याला प्लगिन म्हणतात."

मी म्हटलं, "म्हणजे पट्टी."

ते म्हणाले, "हो, पट्टीच समजा." मग तेही पट्टीच म्हणायला लागले.

पहिली पट्टी लावली ती छापायची. रिपोर्टचा मेल आला की त्याला जोडलेला कागद आपोआप प्रिंटरमधून बाहेर. दुसरी वाचायची. मेल आला की स्पीकरच्या डब्यातून एक बाई हिंदीत बोलायची, कोणाचा आला ते. तिसरी जुळवायची. आमच्याकडे ज्यांची नावं लिहिलेली असायची त्यांच्याशी मेलवरचं नाव ताडून बघायची. जुळलं तर मेल एका खणात, नाही जुळलं तर दुसऱ्या खणात. दुसऱ्या खणातले डॉक्टरसाहेब संध्याकाळी स्वतः बघायचे. माझ्यासाठी आपट्यांनी खणांना रंग दिले. जुळलेला हिरवा, न जुळलेला पिवळा.

वाचायच्या पट्टीनं सुरुवातीलाच घाम फोडला. ती बाई मेलवर जे लिहिलंय ते पूर्ण वाचायची. नाव, आणि पुढं कसली जाँच तेही. एक दिवस बाकावर माणसं दाटून बसलेली, आणि डब्यातल्या बाईनं एका पोराचं नाव घेतलं आणि जी जाँच कोणी चारचौघांत बोलत नाही ती खणखणीत सांगून टाकली. पोराच्या बाजूला बसलेला माणूस थोडा सरकला. बस, थोडासाच. पोरगा उठला, कागद घेतला, माझ्याकडे बघितलं पण नाही. रिपोर्टात काही निघालं नव्हतं, डॉक्टरसाहेबांनी नंतर सांगितलं. पण तो सरकलेला माणूस पोराच्या मनातून जाणार थोडाच.

मी आपट्यांना फोन केला. म्हटलं, "तुमच्या बाईला सांगा, नाव घे आणि तोंड बंद कर."

ते म्हणाले, "काकू, बाई नाही ती, मशीन है."

"मग मशीनचं तोंड बंद करा."

त्याच दुपारी येऊन त्यांनी ते केलं. तेव्हापासून ती नाव घ्यायची आणि गप्प. नवीन पट्टी लावली की काम वाढतं हे सगळे बघतात. ती उलटली तर कोणाचं बोट सुईखाली येईल, हे चालवणाऱ्यालाच दिसतं.

माणसंही एकेक यायची. मुरैन्याकडचे एक चाचा होते, त्यांचा थंड कागदावर भरवसा नव्हता. प्रिंटरमधून निघालेला कागद गालाला लावून बघायचे. गरम असला तर म्हणायचे, "हाँ, ये ताज़ी है." एकदा त्यांचा रिपोर्ट सकाळीच निघालेला, ते दुपारी आले. म्हणाले, "अम्मा, ये तो बासी है. दुबारा निकालो." मी म्हटलं, "चाचा, रिपोर्ट है, रोटी नहीं." ऐकेनात. शेवटी दुसऱ्यांदा काढून दिला. तोच कागद, तेच आकडे. गालाला लावून खुश होऊन गेले.

असं चालून राहिलं होतं. मग एक दिवस सकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि प्रिंटर बोलला नाही. डब्यातली बाई बोलली नाही. हिरवा नाही, पिवळा नाही. सगळे मेल एकाखाली एक, पांढरे, सारखे. वर इंग्रजीत एक ओळ.

डॉक्टरसाहेबांनी वाचली. "प्रोग्राम आपोआप नवा झालाय काकू. जुने प्लगिन त्यानं बंद करून टाकले."

"कोणी सांगितलं त्याला नवा व्हायला?"

"कोणी नाही सांगत. होतात ते आपोआप."

आपट्यांना फोन लावला तर ते पुण्याला, भाचीच्या लग्नात. मागं सनई वाजून राहिलेली. म्हणाले, "काकू, नवीन मशीनला जुनी पट्टी बसत नाही. मला तिथं येऊन घासावी लागेल. तोवर हातानं करा."

हातानं करा. शिवताना हातानं करणं म्हणजे जरा वेळ जातो, एवढंच. इथं हातानं करणं म्हणजे एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेला तर. ज्याला काही नाही तो रडत घरी जाईल आणि ज्याला आहे तो मिठाई वाटेल. डॉक्टरसाहेब आत पेशंट बघायचे, मधून मधून बाहेर येऊन माझं बघून जायचे. मी पेशंटची पावती स्क्रीनला टेकवायची आणि विणायच्या सुईचं टोक एकेका अक्षराखाली धरायची. पावतीवर हे, स्क्रीनवर हे. पावतीवर हे, स्क्रीनवर हे. पूर्ण जुळलं तरच छापायचं. बाकावरची माणसं म्हणायची, "अम्मा, जल्दी." मी म्हणायची, "जल्दी हवी तर दिल्लीला जा." घरी गेले तरी डोळ्यापुढं अक्षरंच, जेवणाच्या ताटातसुद्धा.

त्याच दिवसांत मोहिते आल्या. सासू आणि सून. इथल्या लष्कर मोहल्ल्यातलंच आपलं मराठी घर, मंडळाच्या हळदीकुंकवाला भेट व्हायची. सून रंजना, पन्नाशीला आलेली, अंगानं बारीक. तिच्या छातीत गाठ. इस्पितळात गाठीचा तुकडा काढला होता आणि तो तिथूनच सरळ दिल्लीला गेला होता, त्यांच्याच चिठ्ठीबरोबर. रिपोर्ट तेवढा आमच्या मेलवर यायचा. मोठ्या सर्जननं ऑपरेशनचा दिवस देऊन ठेवला होता. रिपोर्ट आला तर किती कापायचं ते ठरणार, नाही आला तर तो दिवस दुसऱ्याला. आणि नंतर ते सर्जन बरेच दिवस परदेशात. म्हणजे गाठ आत तशीच वाढत बसणार.

सासूबाई काउंटरला आल्या की हातातली पिशवी माझ्या टेबलावर ठेवायच्या. "रंजना मोहितेचा आला का हो?"

मी सुई घेऊन वरपासून खालपर्यंत जायची. "नाही हो आला."

"नीट बघा."

परत बघायची. नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टरसाहेबांनी बसून नाव टाकून शोधलं. नाही. दिल्लीला फोन केला. तिकडचा मुलगा म्हणाला, "सर, हमने तो भेज दिया. आप मेल देखिए." कोणाचा भेजा, काय भेजा, त्याला शंभर जण विचारून राहिले होते, त्यानं फोन ठेवून दिला. मला वाटायला लागलं, पट्ट्या बंद झाल्या तेव्हाच तो मेल कुठंतरी सांडला. कॉम्प्युटरच्या आत अशी जागा असेल, गादीखाली सुई जाते तशी. आपट्यांना फोन केला तर म्हणाले, "मेल कुठं जात नाही काकू. तिथंच असतो." मी म्हटलं, "मग दिसत का नाही?"

रंजना रोज बाकावर बसायची, पदर बोटाला गुंडाळत. बोलायची नाही. सगळं सासूबाई बोलायच्या. मला तिच्याकडं बघवायचं नाही. कधी मी पाण्याचा ग्लास नेऊन द्यायची, ती घ्यायची आणि तसाच हातात धरून बसायची.

ऑपरेशन उद्यावर आलं. त्या सकाळी सासूबाईंचा आवाज चढला. "इथं काय गप्पा मारायला बसवलंय का तुम्हाला? माझ्या सुनेचा जीव आहे हो." बरोबरच होतं त्यांचं. मग त्या आत डॉक्टरसाहेबांकडं गेल्या, भांडायलाच. दार लागलं.

रंजना उठून काउंटरला आली. हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू?"

"विचार बाई."

"इस्पितळात आमच्या यांनी माझं आधार कार्ड दिलं होतं. त्याच्यावर माहेरचं नाव आहे. तिकडच्या बाबूनं तेच उतरवलं असेल का?"

मी सुई खाली ठेवली. "कोणतं नाव?"

"शकुंतला जगताप." असं म्हणून तिनं आतल्या दाराकडं बघितलं. "वॉर्डात नर्स शकुंतला-शकुंतला करून राहिली होती. मला कळलंच नाही मलाच बोलवून राहिलीये. आत्ता बसल्या बसल्या आठवलं."

आपल्यात कसं असतं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्याच्यात नवीन नाव लिहितो. पेढे वाटतात. त्या दिवसापासून जुनं नाव घरात कोणी घेत नाही. आजूबाजूच्या हिंदीवाल्यांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटतं, आडनाव बदलतं ते ठीक, पण बाईचं नावच कसं बदलून टाकता. इस्पितळातल्या बाबूला काय माहीत. कार्डावर जे होतं ते त्यानं लिहिलं. आमच्या काउंटरला सासूबाई आल्या, त्यांनी त्यांच्या घरातलं नाव सांगितलं. दोघांचंही बरोबर. आणि मधे ही बाई, दोन नावांची, बाकावर.

मी विचारलं, "मग ग आधी का नाही बोललीस?"

"रंजना नाव सासूबाईंनीच ठेवलंय. कार्ड माहेरी बनलं, तेव्हा मी आईच्या आजारपणात तिकडं होते, शाळेचा दाखला तिथंच होता. त्यांना अजून वाटतं मी मुद्दाम ते नाव धरून बसले. घरात त्यावरून..."

मी पावतीच्या मागं तिच्याकडून इंग्रजीत नाव लिहून घेतलं. मोठी अक्षरं काढ म्हटलं. सुई धरली. वरून खाली आले. तो मेल तिथं होता. वर नाही, खाली नाही, मधेच. माझी सुई रोज त्याच्यावरून गेली होती. पट्टी चालू असती तरी पिवळ्याच खणात गेला असता, पण पिवळ्या खणात डॉक्टरसाहेब एकेक उघडून बघायचे. पांढऱ्यात सगळे सारखे.

मी छापला. प्रिंटर नेहमीसारखाच खडखडला, पण मला वाटलं अख्ख्या कंपूत ऐकू जाऊन राहिलाय. कागद तिच्या हातात दिला. तिनं दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवले.

"गरम आहे," ती म्हणाली.

"आत्ता निघालाय."

"काय लिहिलंय काकू?"

"मला इंग्रजी येत नाही बाई. आलं असतं तरी आम्ही सांगायचं नसतं."

तेवढ्यात दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, मागं डॉक्टरसाहेब. सासूबाईंनी तो कागद बघितला. "हे कोणाचं?"

"माझं," रंजना म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा लावला. त्यांना इंग्रजी वाचता यायचं. वरचं नाव वाचलं. मला वाटलं, आता इथंच महाभारत. सासूबाईंनी कागद घडी न करता, सरळच, पिशवीतल्या जाड पुठ्ठ्यावर ठेवला, वर पदर झाकला, आणि सुनेला म्हणाल्या, "चल. मोठे डॉक्टर बसलेत तोवर इस्पितळात पोहोचू. रिक्षा बोलाव." आणि बाहेर जाता जाता मला म्हणाल्या, "तुम्हाला मघाशी बोलले ते मनात ठेवू नका." बस, एवढंच.

रिपोर्ट चांगला नव्हता. ऑपरेशन झालं, ठरल्या दिवशी. डॉक्टरसाहेबांनी संध्याकाळी इस्पितळात फोन लावून विचारलं, मग मला सांगितलं, "झालं नीट." पुढं केमो झाली, केस गेले, परत आले. पुढच्या जाँचेला सासूबाई एकट्याच आल्या रिपोर्ट न्यायला. टेबलावर पिशवी ठेवली आणि बाकावर माणसं बसलेली असताना खणखणीत म्हणाल्या, "शकुंतला जगतापचा आला का?" मी वर बघितलं. त्या दुसरीकडं बघत होत्या, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

आपटे पुण्याहून लाडू घेऊन आले. पट्ट्या घासून परत बसवल्या. प्रिंटर बोलायला लागला, बाई बोलायला लागली. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "जुळवायच्या पट्टीला सांगा, आमच्या बायकांना दोन नावं असतात. दोन्ही बघ म्हणावं."

आपट्यांनी तोंडातली सुपारी एका गालात सरकवली. "मेरी माँ का भी था," ते म्हणाले. "मरेपर्यंत मला माहीत नव्हतं. तेराव्याला मामानं सांगितलं." मग कामाला लागले. तेव्हापासून काउंटरला बाई आली की मी विचारायची, अजून कोणतं नाव आहे का, कार्डावर दुसरं काही. म्हाताऱ्या बायका हसायच्या, लाजायच्या, इकडं तिकडं बघून कानात सांगायच्या, जसं काही चोरलेलं सांगून राहिल्यात.

या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मुलानं काम सोडायला लावलं. आता घरीच असते. पण सकाळी जाग आली की पहिला विचार तोच येतो, रात्रीत प्रोग्राम नवा झाला असेल का. पट्ट्या गळून पडल्या असतील का. कोणी बाकावर बसलं असेल का, आणि तिचा मेल पांढऱ्यात मधेच पडला असेल का. खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते, शिकलेली, तिला सगळं दिसतं. तरी मी फोन करते. ती म्हणते, "काकू, सब ठीक है." तेव्हा कुठं चहा घशाखाली उतरतो.

पण ते नंतरचं. आपट्यांनी दोन नावांची पट्टी बसवली त्या दिवशीचं राहिलंच. ती चालते का बघायला एक खोटा मेल पाठवून बघायचा होता. आपटे म्हणाले, "काकू, तुमचंच टाकू. सासरचं माहीत आहे, सुमन. माहेरचं बोला."

मला पटकन येईना. ओठावर येऊन थांबलं. बाबा गेले, आई गेली, भाऊ गेला. घेणारं कोणी उरलं नव्हतं. मग सांगितलं.

आपट्यांनी आपल्या फोनवरून त्या नावाचा मेल पाठवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हिरवा खण उघडला आणि डब्यातली बाई बाकावरच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "इंदू पवार."

लोक एकमेकांकडं बघायला लागले, कोण आहे इंदू, का उठत नाही. एक जण म्हणाला, "अरे, किसका नाम है भई?"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले.